सीटखालचे पावणेदोनशे किलो

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला रिक्षावाले आजही ‘गोल्फ क्लब’ म्हणूनच ओळखतात. इंग्रजांच्या काळात रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब नाशिकला होता, त्याची ही राहिलेली खूण. आता त्या मैदानावर क्रिकेट चालते आणि सकाळी माणसे फिरायला येतात. गोल्फ गेला, पण त्या खेळासाठी जगात घडलेली विजेवरची छोटी गाडी, म्हणजे गोल्फ कार्ट, वेगळ्याच वाटांनी शहराच्या आसपास आली. रिसॉर्ट, मोठी गृहसंकुले, रुग्णालयांची आवारे, कारखान्यांचे विस्तीर्ण परिसर, लग्नाची लॉन्स अशा ठिकाणी पाहुण्यांना, वृद्धांना आणि सामानाला नेणारी ही ‘बग्गी’ आता नवलाची राहिलेली नाही. रस्त्यावर धावणारी ई-रिक्षा तिची सख्खी बहीण म्हणता येईल. दोघींच्या पोटात साधारण ४८ व्होल्टची बॅटरी असते, दोघींची चाके लहान असतात आणि दोघींमध्ये बॅटऱ्यांचा संच बहुधा सीटखाली ठेवलेला असतो.

गाडी नवी असते तेव्हा या संचाकडे कोणी पाहत नाही, आणि पाहायची फारशी गरजही नसते. कारखान्याने ट्रे, पट्ट्या आणि बोल्ट त्याच बॅटरीच्या मापाने बसवलेले असतात. प्रश्न उभा राहतो तो पहिला संच थकल्यावर. गोल्फ कार्टमधल्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या नीट पाणी घातले आणि वेळेवर चार्ज केल्या तर चार-पाच वर्षे टिकतात. रोज रिकाम्या होणाऱ्या ई-रिक्षातल्या बऱ्याचदा वर्षभरातच दम टाकतात. मग बदली संचाची चौकशी सुरू होते. कोणती कंपनी, किती अ‍ॅम्पिअर-तास, किती महिन्यांची वॉरंटी, जुन्या बॅटऱ्यांचे किती वजा होणार, असा सगळा भाव ठरतो. बॅटऱ्या आणून ठेवल्या जातात, तारा जोडल्या जातात, गाडी चालू होते. त्या ट्रेमध्ये घट्ट बसल्या आहेत का, हे विचारणारा त्या व्यवहारात बहुतेक वेळा कोणीच नसतो. खरे तर नव्या संचाचे आयुष्य आणि त्यावर बसणाऱ्या माणसाची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी तिथेच ठरत असतात.

वजनापासून सुरुवात करू. गोल्फ कार्टसाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी ६ व्होल्टची डीप-सायकल बॅटरी सुमारे २८ किलोची असते. ४८ व्होल्टच्या गाडीत अशा आठ किंवा ८ व्होल्टच्या सहा बसतात. ८ व्होल्टचीही तेवढ्याच वजनाची असते. सहा धरल्या तरी १६८ किलो झाले, म्हणजे जवळपास पावणेदोनशे. सीटवर बसलेल्या दोन माणसांपेक्षा सीटखालचा ऐवज जड असतो.

‘एवढी जड वस्तू हलणार कुठे?’ हे वाक्य गॅरेजमध्ये हमखास ऐकू येते, आणि सगळी गफलत याच वाक्यात आहे. वस्तू जागेवर राहते ती घर्षणामुळे, आणि घर्षण टिकते ते वस्तू खालच्या पत्र्यावर दाबून बसलेली असेपर्यंतच. चाक खड्ड्यात पडते तेव्हा गाडीचा सांगाडा झटकन खाली जातो. त्या क्षणभरात बॅटरीचा ट्रेवरचा दाब कमी होतो, कधी पूर्ण नाहीसा होतो. दाब गेला की घर्षण गेले, आणि जड बॅटरी बाजूला सरकायला मोकळी झाली. पुढच्याच क्षणी ट्रे वर येतो आणि तिला खालून ठोसा बसतो. पावसाळ्यानंतरच्या नाशिकच्या रस्त्यावर हे एका फेरीत कितीतरी वेळा घडते. त्यात गोल्फ कार्टच्या टायरचा व्यास बहुधा १८ इंचांच्या आसपास असतो. मोटारीचे मोठे चाक ज्या खड्ड्यावरून निभावून जाते, त्यात हे लहान चाक खोल उतरते.

आता ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी बग्गी एखाद्या दगडी कठड्याला धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, असे समजू. हिशेब केला तर त्या काळात प्रत्येक वस्तूवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे तिप्पट जोर येतो. म्हणजे २८ किलोची एक बॅटरी ९० किलोच्या आसपासच्या जोराने पुढे जाऊ पाहते, आणि अख्खा संच अर्ध्या टनाहून अधिक जोराने. सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बांधलेल्या बॅटऱ्यांना हा जोर अडवता येणार नाही. गाडी उलटली तर प्रश्न याहून गंभीर होतो. न बांधलेली बॅटरी झाकणावर पडते, अ‍ॅसिड सांडते, आणि ते सांडते बसणाऱ्यांच्या अगदी जवळ.

मोटारींच्या जगात ही भीती नियमांत उतरली आहे. अमेरिकेत विजेवरच्या वाहनांसाठी ३०५ क्रमांकाचे सुरक्षा मानक आहे. टकरीनंतर किती इलेक्ट्रोलाइट सांडलेले चालेल याची मर्यादा त्यात घातली आहे, आणि बॅटरी आपल्या जागी राहिली पाहिजे, तिचा भाग प्रवाशांच्या कप्प्यात शिरता कामा नये, अशीही अट आहे. युरोपात मान्य असलेल्या आर-१०० या नियमात प्रवासी मोटारीच्या बॅटरी पॅकला पुढे-मागे गुरुत्वाकर्षणाच्या २० ते २८ पट धक्का देऊन तपासले जाते. भारतात दुचाकी-तीनचाकींसाठी एआयएस-१५६ आणि चारचाकींसाठी एआयएस-०३८ ही मानके आहेत. बॅटरी पॅकला थरथरवून आणि धक्के देऊन पाहण्याच्या चाचण्या त्यांतही आहेत.

या मानकांना २०२२ मध्ये कडकपणा आला त्यामागे देशभरातल्या आगीच्या घटना होत्या, आणि त्यांतली एक नाशिकची होती. ९ एप्रिल २०२२ रोजी नाशिकच्याच कारखान्यातून बंगळुरूकडे निघालेल्या कंटेनरमध्ये ४० विजेवरच्या स्कूटर होत्या. पाथर्डी फाट्याजवळ त्या कंटेनरला आग लागली आणि त्यांपैकी २० स्कूटर जळाल्या. माणसांना इजा झाली नाही. त्या आगीचे कारण बॅटरी बांधण्यातला दोष होता, असे इथे सुचवायचे नाही. पण त्या दिवसानंतर नाशिककरांसाठी ‘लिथियम बॅटरी’ हा शब्द फक्त जाहिरातीतला राहिला नाही. त्याच वर्षी केंद्र सरकारने मानकांत दुरुस्त्या केल्या आणि त्या टप्प्याटप्प्याने लागू झाल्या.

गोल्फ कार्ट मात्र या चौकटीतून बहुतेक वेळा निसटते. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेली खास वाहने वगळली आहेत. ई-रिक्षाला निदान नोंदणी आणि फिटनेस आहे. ताशी २५ किलोमीटरची वेगमर्यादा आणि चार प्रवाशांची अटही आहे. रिसॉर्टच्या आवारातच फिरणाऱ्या बग्गीला ना नंबरप्लेट, ना आरटीओची तपासणी. तिच्यात नवे बॅटरी संच बसवणारा मेकॅनिक आणि आवाराचा देखभाल विभाग हेच तिचे शेवटचे तपासनीस. या कामाकडे गंभीरपणे पाहायला हवे, असे म्हणण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

सैल बॅटरीचे नुकसान अपघातापर्यंत थांबत नाही. ते रोज, आतून, न दिसता होते.

लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा मूळ शोध फ्रान्सच्या गास्तों प्लांतेने १८५९ मध्ये लावला आणि १८८१ मध्ये कामी फोरने तिला आजचे रूप दिले. शिशाच्या जाळीवर शिशाच्या संयुगाचा लेप थापायचा, तो वाळवायचा आणि अशा पट्ट्या अ‍ॅसिडमध्ये उभ्या करायच्या, ही त्याची युक्ती. वीज साठते ती त्या लेपात. चार्ज-डिस्चार्जच्या प्रत्येक फेरीत हा लेप फुगतो आणि आकसतो, त्यामुळे तो हळूहळू सैल होतच असतो. त्यावर बॅटरी ट्रेमध्ये आदळत राहिली की लेप झडून तळाशी गाळ साचतो. झडलेला लेप पुन्हा कामाला येत नाही, म्हणजे क्षमता गेली. गाळ साचत साचत पट्ट्यांच्या खालच्या टोकांना भिडला, तर तो सेल आतल्या आत शॉर्ट होतो. मग दुकानदाराला दोष दिला जातो, ‘माल चांगला नव्हता’ म्हणून. प्रत्यक्षात बऱ्याचदा माल चांगलाच असतो. तो वर्षभर आदळला गेलेला असतो.

दुसरे नुकसान टर्मिनलवर होते. एका बॅटरीचे धन टर्मिनल पुढच्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला जाड केबलने जोडलेले असते. बॅटरी काही मिलिमीटर जरी हलत राहिली तरी तिचा सगळा ताण शिशाच्या मऊ टर्मिनलवर आणि केबलच्या टोकाच्या थिंबलवर येतो. जोड सैल होतो आणि तिथला रोध वाढतो. चढावर बग्गीची मोटार १०० अ‍ॅम्पिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह सहज ओढते. सैल जोडाचा रोध फक्त ५ मिलिओहम झाला तरी १०० अ‍ॅम्पिअरला तिथे ५० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे टर्मिनलच्या टोकावर सोल्डरिंग आयर्न टेकवून ठेवल्यासारखेच. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. वितळलेले, एका बाजूला कललेले टर्मिनल कुठल्याही जुन्या बॅटरी दुकानात दाखवायला ठेवलेले सापडेल.

सैल जोड म्हणजे ठिणगीही. चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. रात्रभर बंद सीटखाली चार्ज झालेली गाडी सकाळी सुरू करताना सैल टर्मिनलवर ठिणगी पडली तर बॅटरीचे झाकण उडते. म्हणूनच चार्जिंगच्या वेळी सीट उघडी ठेवण्याची पद्धत आहे. ती पाळली जाते तिथेही टर्मिनल घट्ट आहे का, हे पाहिले जातेच असे नाही.

आता ट्रेकडे वळू. नवी बॅटरी आणायच्या आधी जुना ट्रे रिकामा करून पाहणे हे या कामातले सर्वांत दुर्लक्षित पाऊल आहे. बॅटरीतले गंधकाम्ल झाकणावरून झिरपत खाली गेलेले असते आणि त्याने लोखंड खाल्लेले असते. वरून रंग शाबूत दिसतो आणि पेचकसाचे टोक टेकवले की पत्रा आत जातो. अशा ट्रेवर नवा संच ठेवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ट्रेवर ओतला की अ‍ॅसिड असलेल्या जागी फेस येतो. फेस यायचा थांबला म्हणजे अ‍ॅसिड मेले. मग साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, खराब भाग कापून, नवा अँगल वेल्ड करून त्यावर अ‍ॅसिडला टिकणारा रंग द्यायचा. वेल्डिंगच्या वेळी गाडीत एकही बॅटरी असता कामा नये. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकला चांगल्या फॅब्रिकेटरची वाण नाही, त्यामुळे हे काम ‘नंतर बघू’ म्हणून टाळायला सबब उरत नाही.

बदली बॅटरी जुन्याच मापाची असेल तर काम सोपे. पण व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर-तास जुळले म्हणजे माप जुळले, असे नाही. ६ आणि ८ व्होल्टच्या प्रचलित गोल्फ बॅटऱ्यांचा तळ सारखाच, सुमारे २६ बाय १८ सेंटिमीटरचा असतो, पण १२ व्होल्टची बॅटरी लांब असते. उंचीतही कंपनीगणिक थोडा फरक पडतो. बॅटरी एक सेंटिमीटर बुटकी निघाली की वरून दाबणारी पट्टी तिला टेकतच नाही. बोल्ट शेवटपर्यंत आवळलेला असतो, हाताला घट्ट लागतो, आणि पट्टीखाली मात्र पोकळी असते. अशा वेळी पट्टीच्या खाली योग्य जाडीचा कडक प्लास्टिकचा किंवा रबराचा तुकडा बसवायचा, नाहीतर कमी लांबीचे हुक-बोल्ट करून घ्यायचे. लाकडाची पाचर हा सगळ्यात हाताशी असलेला उपाय, पण लाकूड अ‍ॅसिड शोषते, कुजते आणि ओले झाले की वीजही वाहू देते. थर्माकोल दाबला जातो. नायलॉनची दोरी किंवा पट्टा अ‍ॅसिडने कमजोर होतो. पॉलिप्रोपिलीनचा पट्टा त्यापेक्षा कितीतरी टिकतो. रबरी ट्यूब तर ताणली जाण्यासाठीच बनलेली असते. तिने बॅटरी धरली जात नाही, फक्त तिचे हेलकावे लांबतात.

उलट टोकही वाईट. पट्टी एवढी आवळायची नाही की बॅटरीचे प्लास्टिकचे अंग फुगेल किंवा झाकणाच्या सांध्याला भेग जाईल. हाताने धरून हलवली तर हलू नये, आणि अंग वाकू नये, या दोन खुणांच्या मधली ती घट्टपणाची जागा आहे. दोन बॅटऱ्यांच्या मधे तीन ते सहा मिलिमीटर फट असावी, कारण चार्ज होताना त्या गरम होतात आणि हवा खेळायला हवी. ती फट सरकण्यासाठी सोडलेली नाही. ट्रेच्या कडा आणि वरची पट्टी यांनी बॅटरी तिथेच राहिली पाहिजे. आणि पट्टी लोखंडाची असेल तर तिच्यावर प्लास्टिकचे आवरण हवेच. उघडी लोखंडी पट्टी सैल होऊन दोन टर्मिनलवर आडवी पडली तर फक्त ६ व्होल्टची बॅटरीदेखील शेकडो अ‍ॅम्पिअरचा प्रवाह त्या पट्टीतून ढकलते.

तोच धोका हातातल्या पान्याचा. म्हणून काम सुरू करण्याआधी ‘रन-टो’ (चालवणे-ओढून नेणे) असा खटका असेल तर तो ‘टो’वर ठेवायचा, मुख्य ऋण केबल आधी सोडवायची, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवायचे, पान्याच्या दांडीला इन्सुलेशन टेप गुंडाळायची. जुन्या जोडणीचा मोबाइलवर फोटो काढलेला असला की नंतर तारांचा गोंधळ होत नाही. टर्मिनलचे नटही हाताच्या अंदाजावर सोडू नयेत. बऱ्याच गोल्फ बॅटऱ्यांना १० ते १२ न्यूटन-मीटर एवढाच आवळ लागतो, कंपनीच्या पत्रकात तो छापलेला असतो. जोर लावून पिळलेले शिशाचे टर्मिनल आतून तडकते.

लिथियमचा मामला वेगळा आहे, आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक बग्गी त्याच दिशेने जाणार हे उघड आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३.२ व्होल्टचे १६ सेल एकापुढे एक जोडले की ५१.२ व्होल्टचा पॅक होतो आणि ४८ व्होल्टच्या गाडीत तो चालतो. १०० अ‍ॅम्पिअर-तासांच्या आसपासच्या अशा पॅकचे वजन ४०-५० किलो भरते. म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास ओझे एकदम उतरले. मालक खूश होतो, आणि व्हायलाही हवा. पण सहा बॅटऱ्यांसाठी केलेल्या लांबरुंद खाचेत आता एकच खोका असतो, आणि त्याच्या चारही बाजूंना मोकळी जागा. सुटा राहिला तर तो लेड-अ‍ॅसिडच्या बॅटरीपेक्षा जास्त धावतो, कारण त्याला धावायला अंतर मिळते. शिवाय मूळ ट्रे बऱ्याचदा नुसत्या पट्ट्यांचा, खालून उघडा असतो. त्याच्यावर नव्या पॅकच्या तळाला सलग आधार मिळतोच असे नाही.

अशा पॅकसाठी कंपनीने दिलेला ब्रॅकेट वापरणे सर्वांत उत्तम. तो नसेल तर अँगलची चौकट करून ती सांगाड्याला बोल्टने जोडायची आणि पॅक तिच्यात बसवायचा. पॅकच्या खोक्याला स्वतः भोक पाडायचे नाही. आत सेल कुठे आहेत आणि बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीमचा सर्किट बोर्ड कुठे आहे, हे बाहेरून कळत नाही. पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून दिलेले सीलही त्या भोकाने निकामी होते. केबलला थोडी ढील हवी आणि पत्र्याच्या कडेवरून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवा. चार्जरही लिथियमला चालणाराच हवा. मागचे कमानपाटे जुन्या वजनासाठी बनलेले असल्याने हलकी झालेली गाडी आता जास्त उसळते. त्यामुळे जे थोडके सैल राहिले असेल तेही लवकर सुटते.

चढणीवर काय होते याचा विचार करायचा तर महाराष्ट्रात माथेरानकडे पाहावे. २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या या गावात मोटारींना बंदी आहे. माणसाने ओढायच्या रिक्षा आणि घोडे हीच वाहने होती. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर २०२२ च्या डिसेंबरमध्ये तिथे सात ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितले. शाळकरी मुले, आजारी माणसे आणि एकेकाळी रिक्षा ओढणारे हात या सगळ्यांसाठी तो मोठा दिलासा आहे. माथेरानसारख्या चढावर बॅटरीवर दोन गोष्टी एकदम येतात. चढताना प्रवाह वाढतो, म्हणजे सैल जोड तिथेच तापतो. आणि पेव्हर ब्लॉकच्या रस्त्याची सततची थरथर असताना उतार बॅटरीला चढताना मागे आणि उतरताना पुढे ओढतो, त्यामुळे ती दर फेरीला थोडी थोडी मागेपुढे सरकत राहते. सपाटीवर महिनोन्‌महिने न जाणवणारा सैलपणा घाटात काही दिवसांत उघडा पडतो.

नाशिकला २०२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळा आहे. पर्वणीच्या दिवसांत मोठी वाहने लांबच अडवावी लागतात आणि रामकुंड-तपोवनाकडच्या शेवटच्या टप्प्यात वृद्धांसाठी, अपंगांसाठी छोट्या, धूर न सोडणाऱ्या गाड्यांची गरज वाढते. तो काळही पावसाळ्याचा: पहिले अमृतस्नान २ ऑगस्टला आहे. दिवसभर अखंड चालणारी, भर पावसात खड्ड्यांतून जाणारी आणि मर्यादेहून जास्त माणसे बसवली जाणारी ई-वाहने त्या दिवसांत रस्त्यावर असतील. अशा सेवेसाठी गाड्या भाड्याने घेणाऱ्या संस्थांनी करारात चालकाचा परवाना आणि विमा यांच्या जोडीला बॅटरी ट्रेची तपासणीही लिहून घ्यायला हवी. ती तपासणी सीट उचलून पाच मिनिटांत होते. बॅटरी दोन्ही हातांनी धरून हलवून पाहायची, टर्मिनलभोवती हिरवी-पांढरी बुरशी आहे का ते पाहायचे, गाडी थोडी चालवून आल्यावर एखादा जोड बाकीच्यांपेक्षा गरम लागतो का ते तपासायचे.

नवा संच बसवल्यावर पहिल्या आठवड्याने सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळावे लागतात, कारण रबर, प्लास्टिक आणि नवा रंग दाबाखाली थोडे बसतात. चांगले मेकॅनिक नट आणि बोल्ट या दोन्हींवरून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवतात. नट फिरला की रेघ तुटते आणि सैल झालेला बोल्ट पान्याशिवाय, लांबूनही दिसतो. लॉक नट वापरला तर ती रेघ जास्त दिवस सरळ राहते.

बदललेल्या जुन्या बॅटऱ्यांचाही प्रवास बाकी असतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार त्या परत घेऊन पुनर्चक्रणासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे त्या विक्रेत्याकडेच परत द्याव्यात. भंगारवाल्याच्या अंगणात त्या फोडल्या गेल्या तर शिसे तिथल्या मातीत आणि मुलांच्या रक्तात जाते. दुकानापर्यंत नेताना टेम्पोत त्या उभ्याच ठेवायच्या, आडव्या नाहीत. टर्मिनलवर टेप किंवा टोपणे लावायची, आणि हौद्यात त्यांनाही पट्ट्याने कडेला बांधायचे. थकलेल्या बॅटरीतही चटका देण्याइतकी वीज आणि कातडी जाळण्याइतके अ‍ॅसिड शिल्लक असते.